म्हणून

आधी प्रश्न वाच, मग उतारा.
दार्का ग्रिंचुक सांगायची, दर बुधवारी,
थंडर बेच्या वाचनालयात, तळघरात,
हीटरवर आमचे मोजे वाळत घातलेले.
चाळीस वर्षं गणित शिकवून
खडूसारखी झिजलेली बाई:
"लेम्पी, काय विचारलंय ते कळल्याशिवाय
आत शिरू नकोस.
चोरसुद्धा आधी दार बघतो."

मग 'म्हणून' शोध.
त्याच्या पुढे निष्कर्ष, मागे कारणांची रांग,
आणि मधली एक पायरी
कुणीतरी गुपचूप गाळलेली.
अंधारात चाचपतात तशी
ती पायानं शोधायची.

मला हे अगदीच नवं नव्हतं.
एकोणीस वर्षं मी बंदरावरच्या कोठारात
धान्याचे नमुने तपासते.
प्रेअरीवरून आगगाडीनं आलेला गहू
जहाजात चढण्याआधी माझ्या ताटलीत उतरतो.
चिमट्यानं बाजूला काढायचं: रानओट, अरगटाचा काळा दाणा,
उंदराची लेंडी, जी दिसते थेट अरगटासारखी.
पाच पर्याय म्हणजे तेच.
एक नुसता भुसा, फुंकरीनं उडतो.
एक खरा असतो, पण या पोत्यातला नसतो.
एक उलट्या तोंडाचा.
एकात 'नेहमी' किंवा 'कधीच' असतं,
त्याला आधी नख लावून बघायचं.
उरेल तो घ्यायचा. आवडला नाही तरी.

पस्तीस मिनिटं, पंचवीस प्रश्न.
चौऱ्याऐंशी सेकंद एकेकाला.
"अडलीस तर सोड," दार्का म्हणे,
"बर्फात रुतलेलं चाक फिरवशील तितकं खोल जातं.
आणि बाहेरचं आत आणू नकोस.
कागदावर आहे तेवढंच जग."

प्रश्न सतरावा.
एका कारखान्यात कठड्यांवर सूचनांचे फलक लावले.
वर्षभरात अपघात निम्म्यावर आले.
म्हणून, फलकांमुळे कामगार सावध झाले.
हा युक्तिवाद कशावर टेकला आहे?

'म्हणून' दिसलं, आणि आर्वो दिसला.
कंपनीचा अहवाल, पान चार:
कठडा शाबूत होता. प्रशिक्षण दिलेलं होतं.
म्हणून, कामगाराचा निष्काळजीपणा.
आईनं सही केली, चष्मा न लावता.
मी शेजारी उभी, भाऊ गेल्याला नऊ दिवस,
आणि मला त्या वाक्यात भोक दिसत होतं.
भोकाला नाव नव्हतं तेव्हा.
गृहीतक.
कठडा शाबूत होता, पण कधी?
आदल्या सोमवारी, तपासणीच्या वेळी?
की रात्रपाळीला, सरोवरावरून वारा सुटतो
आणि धुळीत दिवासुद्धा दिसत नाही तेव्हा?

चार मिनिटं गेली होती.
दार्का असती तर टेबलावर पेन्सिल आपटली असती.
चाक जागच्या जागी गरगरत होतं.
सतराभोवती गोल काढला,
आर्वोला त्या गोलात बसवला, थांब म्हटलं,
आणि अठरावर गेले. कॉफी आणि निद्रानाश.
एकोणीस: कुठल्याशा बेटावरचे पक्षी,
ते का कमी झाले याची दोन मतं.
मला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं,
म्हणून पटकन सुटले.

शेवटी तीन राहिलेच. चुकल्याला गुण जात नाहीत,
तिन्हींत 'ड' भरून टाकला, डोळे न उघडता.
पन्नास सेकंद हातात. परत सतरा.
पर्याय 'ब': त्या वर्षी कामगारांची संख्या घटलेली नव्हती.
साधा, वाळका, कुणाच्याही नजरेत न भरणारा.
म्हणजे, पडायला माणसं तेवढीच होती.
'ब'.

बाहेर उणे अठ्ठावीस.
दार्का थर्मास घेऊन माझ्याच गाडीशी उभी,
भुवयांवर बर्फ.
कसा गेला, असं तिनं विचारलं नाही.
म्हणाली, "सोडलास ना एखादा?"
म्हटलं, सोडला. मग परत घेतला.

घरी कपाटात तो अहवाल आहे, पान चार.
त्याला घड्याळ लावलेलं नाही.
आधी गाडी सुरू व्हायला हवी.